तीन दगडांची कबर

ओमानहून कायमचा परत आल्यापासून लोक मला दोनच गोष्टी विचारतात. तिकडे सोनं स्वस्त मिळतं का, आणि उंटावर बसलास का. सोनं मला कधी परवडलं नाही आणि उंटावर बसायची वेळच आली नाही. बारा वर्षं रुसैलच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, आणि मस्कतच्या रुवी भागात एका खोलीत चौघे. एवढ्यावर प्रवासवर्णन लिहायचं म्हणजे विहिरीतल्या बेडकाने समुद्रावर भाषण ठोकावं तसं. पण एक दिवस मी खराखुरा प्रवास केला. कलहातला गेलो, बीबी मरियमची कबर बघायला. तिकडे कोणी जाणार असेल तर खुशाल जावं, जागा सुंदर आहे. मी मात्र परत जाणार नाही.

बीबी मरियम हे खरं तर निमित्त होतं. आम्हाला माझ्या बापाची कबर बघायची होती.

आमचं गाव दापोलीच्या खाली, खाडीला लागून. बाप गलबतावर खलाशी होता. इथून कौलं न्यायची, तिकडून खजूर आणायचा. मी दीड वर्षाचा असताना सूर बंदराच्या अलीकडे त्याला ताप भरला. वारा पडलेला, गलबत जागचं हलेना, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. समोर कलहातचा किनारा दिसत होता, तिथे नेऊन पुरला. बातमी आणली ती हसन तांडेलाने, म्हणजे त्या गलबताच्या म्होरक्याने. आईला त्याने सांगितलं, "भाबी, बीबीच्या घुमटाजवळ ठेवलाय. डोक्याशी एक दगड, पायाशी एक. आनि वळखायला म्हनून मधी तिसरा मी माज्या हातान ठेवलाय. कवा कोन गेला तर चुकायचा नाय."

आईने हे वाक्य पस्तीस वर्षं जपलं. माझ्या शाळेच्या फीपेक्षा, घराच्या कौलांपेक्षा जास्त जपलं. मी मस्कतला नोकरीला निघालो तेव्हा लोकांच्या आया सांगतात, वेळेवर जेव, पैसे पाठव. माझ्या आईने सांगितलं, "तीन दगडांची कबर हाय. ध्यानात ठेव."

आणि मी आठ वर्षं तिथे राहून एकदाही गेलो नाही! आता लिहितानाही लाज वाटते. गाडी नव्हती, रस्ता नव्हता, शुक्रवारची एक सुट्टी, त्यात कपडे धुवायचे. कारणं काय, पायलीला पन्नास मिळतात. खरं सांगायचं तर मला बाप आठवतच नव्हता. ज्याचा चेहरा माहीत नाही त्याच्या कबरीसाठी कोण दगडधोंड्यांतून दीडदोनशे किलोमीटर जाईल? इन्शाल्ला, जाऊ कधीतरी, असं आईला प्रत्येक पत्रात लिहायचो. ओमानमध्ये इन्शाल्ला या शब्दावर अख्खी सरकारी कचेरी चालते, मग माझं का चालू नये?

शेवटी आईनेच निकाल लावला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. फोनवर म्हणाली, "डोळं हायत तवर ने. मंग काय दाखवनारस?" ओळखीचं एक कुटुंब महिनाभर सुट्टीवर गेलं होतं, त्यांच्या फ्लॅटची चावी माझ्याकडे होती. अर्बाबच्या, म्हणजे कंपनीच्या मालकाच्या, हातापाया पडून मी आईचा व्हिसा काढला. ती आली, आणि पहिले तीन आठवडे मला गाडी मिळाली नाही. मंगळवारी तिचं परतीचं विमान. त्याआधीचा शुक्रवार तेवढा राहिला होता.

रुवी, पहाटे

गाडी मोहनने आणली. मोहन आमच्या कंपनीचा ड्रायव्हर, मालवणकडचा. तोंडाने फाटका, मनाने सोन्यासारखा. अर्बाबची जुनी फोर-व्हील त्याने "आवशीक दर्ग्यार नेतंय" अशी थाप मारून मिळवली होती. आई खाली आली ती नवी ओढणी, हातात भाकऱ्यांची पिशवी आणि कमरेला सब्जाच्या बियांची पुडी घेऊन. आमच्याकडे कबरीवर सब्जा लावतात, तुळशीसारखं झुडूप येतं, वास छान येतो.

"आये, थंय पानी खय? सब्जो उगवतलो कसो?" मोहन म्हणाला.

"तू गाडी हाक. उगवायचा काम अल्लाचा हाय."

"बरां बाबा! यल्ला," म्हणून त्याने गाडी सोडली.

आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. गावात असती तर तीही गेली नसती. पण इथे तिला अडवणार कोण? मौलवी साडेतीन तास विमानाने लांब. गावात बाई मेली की अंघोळ घालायला, कफन बांधायला आईलाच बोलावणं येतं. मयताला ती भीत नाही. त्या दिवशी मात्र ती कमरेची पुडी सारखी चाचपून बघत होती.

कुरियातच्या पुढे

कुरियातपर्यंत डांबरी रस्ता. त्यापुढे रस्ता म्हणजे नुसतं नाव. एका हाताला काळेकरडे डोंगर, त्यांच्यावर औषधाला गवत नाही, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मधल्या गोट्यांवरून आमची हाडं खिळखिळी करत गाडी चाललेली. इतका निळा समुद्र मी कोकणात बघितलेला नाही. आमचा समुद्र गढूळ, माणसाळलेला; काठाला माडाची झावळी, सुकत घातलेली मासळी, काहीतरी असतंच. हा समुद्र देखणा होता पण त्याला शेजार नव्हता.

बिम्माजवळ जमिनीला एक प्रचंड खड्डा पडलाय, तळाशी हिरवंगार पाणी. गोरे लोक चड्ड्या घालून त्यात डुंबत होते. "आई, बघ तरी," मी म्हटलं. ती गाडीतून उतरली नाही. "खड्डं बगाया नाय आलं मी," म्हणाली. गाडीतच बसून आम्ही भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. मोहनने तीन भाकऱ्या संपवल्या आणि चौथीकडे बघायला लागला तेव्हा आई त्या दिवशी एकदाच हसली.

तिवीच्या अलीकडे टायर फुटला. जॅक होता, पान्हा नव्हता. एक ओमानी पिकअपवाला थांबला, स्वतःचा पान्हा काढला, स्वतः खाली बसून टायर बदलला आणि सलाम करून निघून गेला. आपल्याकडे पाच माणसं जमली असती आणि सहा सल्ले मिळाले असते. पण दीड तास गेलाच. आई दर थोड्या वेळाने विचारायची, "वक्त काय जाला?" मी अर्धा तास कमी करून सांगायचो. त्या दिवसाची माझी पहिली थाप ती.

कलहात

कलहात हे एके काळी मोठं बंदर होतं म्हणतात. चीनपासून आफ्रिकेपर्यंतची जहाजं लागायची, घोडे आपल्या देशाकडे जायचे. आज तिथे काय आहे? दगड. पडलेल्या भिंतींचे दगड, पडलेल्या घरांचे दगड, खापऱ्यांचे तुकडे, आणि त्यांतून वाट काढणाऱ्या बकऱ्या. सगळ्या शहरात एकच इमारत उभी, बीबी मरियमचा घुमट. तोही अर्धा कोसळलेला. भिंतीला पोवळ्याचे दगड, आत नक्षीदार कमानी, वर डोकं फुटल्यासारखं आभाळ. ही बाई कोण, तर कोणी म्हणतं सुलतानाची बायको, नवऱ्यामागे तिनेच राज्य चालवलं. तिथे नाव कुठेच लिहिलेलं नाही. लोक म्हणतात म्हणून ती बीबी मरियम.

गाडी खालीच ठेवावी लागली. चढावर मी एका बाजूने आणि मोहनने दुसऱ्या बाजूने आईला धरलं. घुमटाच्या सावलीत तिला बसवलं तेव्हा तिला धाप लागली होती. भिंतीवर हात फिरवून ती म्हणाली, "बाई मेली तर लोकांनी घुमट बांदला. बग, नशीब आसता एकेकाचा."

मग मी कबर शोधायला निघालो, आणि खरं सांगतो, मजेत निघालो. तीन दगडांची कबर! किती सोपं! पाच मिनिटांत हाक मारतो की नाही बघ, असं मोहनला म्हटलंही.

पन्नासेक पावलांवर पहिली दिसली. डोक्याशी एक उभा दगड, पायाशी एक, मध्ये एक. तोंडातून "बाबा" निघून गेलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा निघालं असेल. खाली बसणार एवढ्यात मोहनने हाक मारली, "रफीक, ही बघ रे! हयसर हा!" त्याच्या पायाशी दुसरी होती. तीन दगड. तिच्यापलीकडे दोन दगडांच्या चार, आणि मग पुन्हा तीन दगडांची. पुढे आणखी एक. त्या उतरणीवर जिकडे नजर टाकावी तिकडे तीन दगड, तीन दगड, तीन दगड.

"ह्यां काय ता?" मोहन म्हणाला.

खालच्या गावातून एक म्हातारा काठी टेकत वर आला. नाव सालिम. तरुणपणी गलबतावरून दोनदा मुंबईला येऊन गेलेला, त्यामुळे हिंदी यायचं. त्याने आधी आम्हाला बसवलं. थर्मासमधून कहवा आणि खजूर. ओमानात पाहुणा आधी पितो, मग बोलतो. माझा जीव टांगणीला लागलेला आणि तो शांतपणे ओततोय. पुरे म्हणायला तिकडे कप हलवून दाखवायचा असतो. आईला ते ठाऊक नव्हतं, तिने चार कप रिकामे करून खाली ठेवले आणि त्याने चारही भरले. शेवटी मोहनने तिचा कप हलवला.

मी सालिमला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. गलबत, ताप, हसन तांडेल, तिसरा दगड. तो ऐकत होता, दाढी कुरवाळत होता. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "तीन पत्थर? आदमी के वास्ते?"

"हां. निशानी के लिये."

"भाई, इधर आदमी को दो पत्थर. तीन पत्थर तो औरत को."

मी त्याला पुन्हा विचारलं. त्याने बोटं दाखवून पुन्हा सांगितलं. पुरुष, दोन. बाई, तीन. पूर्वीपासून. नाव लिहायची पद्धत नाही, दगड बघून एवढंच कळतं की आत बाई आहे की बाप्या. तुमच्या माणसाच्या कबरीला कोणी हात लावला नसेल, म्हणाला, पण तिला सगळे बाईचीच समजत असणार. तो स्वतः त्या साली झांजिबारला होता, त्यामुळे त्याला काही माहीत नव्हतं. पुरताना गावातले जे होते ते आता याच मातीत आहेत. "अल्लाह को मालूम."

हसन तांडेला, काय केलंस रे हे! सोबत्याला मातीत एकटं सोडून जाताना तुझा जीव तुटला असेल. उन्हात फिरून एक चांगला दगड शोधला असशील, दोन्ही हातांनी उचलून आणला असशील. नुसते दोनच ठेवून निघून गेला असतास तर माझा बाप निदान बाप्यांमध्ये तरी राहिला असता. ओळख पटावी म्हणून खूण केलीस आणि त्या खुणेनेच त्याला कायमचा पुसलास. आणि हसन आदल्या वर्षापर्यंत गावात जिवंत होता! ओटीवर बसून असायचा. सुट्टीवर गेलो की मी त्याला खजुराचा डबा द्यायचो, "काय चाचा, बरं का," म्हणायचो आणि निघायचो. घुमटाच्या कुठल्या अंगाला, किती पावलांवर, एवढं विचारायला मला दोन मिनिटं मिळाली नाहीत. शाळा शिकलेला गाढव मी. तो तर बिचारा अडाणी.

मोहनने माझा खांदा धरला. "आयक. आयेक दिसना नाय धड. एक दाखव आणि मोकळो हो. काय पाप नाय त्यात."

मला ते पटलं. पटायलाच हवं होतं, दुसरं होतं काय माझ्याजवळ? सपाट जागेवरची एक बरीशी कबर बघितली, आईला हाताला धरून नेलं आणि म्हटलं, "ही बघ, आई."

ती खाली बसली. हाताने चाचपून तिने तीनही दगड मोजले. डोक्याचा, मधला, पायाचा. "हाय," म्हणाली. "बराबर हाय. हसन खोटा नाय बोलला." मग ओठांतल्या ओठांत पढायला लागली, आणि गालांवरून पाणी ओघळायला लागलं. मी उभा होतो. मोहनने टोपी काढून हातात घेतली होती. मला वाटलं, झालं, सुटलो.

पढून झाल्यावर तिने कमरेची पुडी सोडली. बिया कुठे टाकाव्यात म्हणून डोक्याच्या दगडापासून वितीने माप घ्यायला लागली. एक वीत, दोन, तीन. पायाच्या दगडाशी तिचा हात थांबला. परत डोक्याशी गेली आणि पुन्हा मापलं. आयुष्यभर कफनं मापलेला हात तो. मला आठवायला हवं होतं.

"रफीक," ती म्हणाली, "तुजा बाप दारातून वाकून येत होता. ही माज्याएवढी हाय."

मी दगड बघायला वाकलो.

"ही बाय हाय."

"आई, दगड सरकले असतील..."

"कबरीवर बसून मना खोटा सांगतंस?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "सांग. काय म्हनला तो म्हातारा?"

सगळं सांगितलं. सांगताना मी रडलो, ती नाही. तिने पुडी परत बांधली, दोन गाठी मारल्या. मग त्या कबरीकडे वळून म्हणाली, "माफ कर गो बाय, तुजी चुकी नाय," आणि माझा हात धरून उठली. "आश्या किती हायत?"

"बऱ्याच आहेत, आई."

"चल मंग."

असं आम्ही तीन तास केलं. ती बसायची, मापायची, मान हलवायची, मी उठवायचो. काही कबरींचे दगड पाण्याच्या लोंढ्याने कलंडलेले, काहींचे बकऱ्यांनी ढकललेले, कुठला दगड कुठल्या कबरीचा तेही कळेना. लांब मापाच्या पाच निघाल्या. पाच उंच बायका, की चार बायका आणि एक बाप, की पाचांतला तो एकही नाही? दर लांब कबरीशी ती माझ्याकडे बघायची, जणू मी काही सांगू शकेन. सालिम मागे मागे येत होता. पुन्हा म्हणाला, "अल्लाह को मालूम, अम्मा."

"अल्लाला ठाव हाय रे," आई त्याला आमच्या बोलीत म्हणाली, "मना ठाव नाय ना!"

त्याला शब्द कळले नसतील. पण त्याने मान खाली घातली.

ऊन कललं. मोहन घड्याळ बघायला लागला, अंधारात तो रस्ता म्हणजे मरण. आईचे गुडघे सुजले होते, हातांना खरचटलं होतं, नखांत माती. अजून निम्मी उतरण बाकी होती. पुढच्या शुक्रवारी ती गावात असणार, आणि तिला पुन्हा कोण व्हिसा देणार? हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. "पुरे," ती आपणहून म्हणाली. मला वाटलं आता निघू.

ती निघाली नाही. उतरणीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ओढणी डोक्यावर नीट घेतली, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि खाडीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारतात तशी मोठ्याने हाक मारली.

"इस्माईऽऽल!"

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तो जिवंत असो की मेलेला. व्हिसाचा फॉर्म भरताना कचेरीतल्या माणसाने नवऱ्याचं नाव विचारलं तर तिने माझ्याकडे बोट दाखवलं होतं, याला विचारा म्हणून. जन्मभर मी "तुजा बाप" एवढंच ऐकत आलो. तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते नाव एका तरुण पोराचं वाटलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोराचं.

"इस्माईऽऽल! ए इस्माईल!"

चरणाऱ्या बकऱ्यांनी माना वर केल्या. आवाज डोंगरावर आपटून परत आला आणि विरला. तिने एक हात कानामागे धरला आणि थांबली. किती वेळ थांबली सांगता येणार नाही. मोहनने तोंड फिरवलं. खाली समुद्राचा आवाज तेवढा येत होता.

मग तिने हात खाली घेतला.

"तुला काय आयकू आला?" तिने विचारलं. वेड लागलेल्या बाईसारखं नाही, अगदी साधं विचारलं.

"नाही, आई."

"मंग तो हितं नाय," ती म्हणाली, आणि माझा हात न धरता एकटीच उतरणीने गाडीकडे चालू लागली.